टाचेची रेघ

जाळीला बांधलेल्या चिंध्या एकूण एकतीस झाल्या. गोलकीपर मैदानाकडे तोंड करून उभा राहिला, तर त्याच्या उजव्या हाताला सहा, मधोमध चार आणि डाव्या हाताला एकवीस. शेवटच्या चिंधीची गाठ आवळून मॅनेजर मागे सरला आणि त्याने पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

या मोसमात क्लबवर झालेले सगळे गोल त्या जाळीवर होते. चेंडू जिथून आत शिरला, तिथे एक चिंधी. सामन्यांचं चित्रण मध्यरेषेजवळच्या एकाच कॅमेऱ्यातून व्हायचं. त्यामुळे वीतभर चूक असू शकत होती, बाजू चुकण्याइतकी नाही. चिंध्या एका विटलेल्या पिवळ्या सराव-बंडीच्या होत्या. आदल्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात कात्री चालवत बसला, तेव्हा बायकोने विचारलं होतं, "ओटा पुसायला का?" तो हो म्हणाला होता.

सकाळ थंड होती. गवतावर दव होतं, पण मोसम संपता संपता गोलपुढच्या पट्ट्याला टक्कल पडलं होतं. तिथे नुसती माती उरली होती, ओलसर आणि घट्ट.

"कपडे वाळत घातलेस का रे, कप्तान?"

मॅनेजरला वळून बघायची गरज नव्हती. हा आवाज त्याने नऊ वर्षं पाठीमागून ऐकला होता. बचावफळीच्या मध्यात तो, संघाचा कप्तान, आणि त्याच्या पाठीशी, गोलमध्ये, दादा. 'सरक', 'सोड', 'माझा' अशा एकेका शब्दावर त्यांचं भागायचं. दादा त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, आता अडतिशीचा. क्लबमध्ये सगळे त्याला दादाच म्हणत, वयाने वीस वर्षांनी मोठे असलेले अध्यक्षसुद्धा.

"इतक्या लवकर आलास?" मॅनेजरने विचारलं.

"मी रोजच येतो. खुर्ची मिळाल्यापासून तू उशिरा यायला लागलायस."

दादा खांबाला हात लावून आत शिरला आणि जाळीपाशी गेला. त्याने एका चिंधीला बोट लावलं, मग दुसरीला. काय आहे ते त्याला सांगावं लागलं नाही.

"हा पहिल्या सामन्यातला. हा त्या टकल्याचा. हा तर आपल्याच पोराच्या ढुंगणाला लागून गेला, हा पण धरलास?"

"गोल तो गोल."

"शास्त्रज्ञ झालायस." दादा हसला. मग डावीकडे आला आणि हळूहळू हसू ओसरलं. तिथे चिंध्या इतक्या दाट होत्या की वाऱ्याने एकमेकींत अडकत होत्या. "किती?"

"एकवीस."

"हं."

दादा गोलपुढच्या उघड्या मातीत येऊन उभा राहिला. हातमोजे काखेत धरले आणि बोलता बोलता, सवयीने, उजव्या बुटाच्या टाचेने जमिनीवर मागून पुढे एक रेघ ओढली. सामन्याआधीही तो हेच करायचा. गोलकीपरच्या पाठीला डोळे नसतात. खांब मागे राहतात आणि आपण मधोमध आहोत की नाही हे कळायला पायाखाली काहीतरी खूण लागते. बहुतेक गोलकीपर अशी रेघ ओढतात. दादाची रेघ इतकी वेळा एकाच जागी ओढली गेली होती की तिची चर झाली होती. आज तो तिच्याकडे न बघता बोलत होता आणि टाच बरोबर चरीत पडली.

"चेंडू दिसतो रे मला," तो म्हणाला. "त्याच्या पायातून सुटतो तेव्हाच दिसतो. उडीसुद्धा वेळेवर पडते. पण शेवटी हातभर राहतो. दर वेळी, हातभरच. डोळे शाबूत आहेत, हात आखूड झालेत. म्हातारपण असं येतं हे कुणी सांगितलं नव्हतं."

मॅनेजरने उरलेल्या बंडीची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

आदल्या दिवशी अध्यक्षांनी त्याला फरश्यांच्या कारखान्यातल्या आपल्या कचेरीत बोलावलं होतं. त्या वर्षी तीन क्लबांनी नुकतेच खेळणं थांबवलेले खेळाडू मॅनेजर म्हणून घेतले होते. दोघांना मोसमाच्या अर्ध्यावरच नारळ मिळाला. उरलेला हा. "तुला मी चौतिसाव्या वर्षी ही खुर्ची का दिली?" अध्यक्ष म्हणाले होते. "शेवटची दोन वर्षं तुझ्या उजवीकडून कुणी माणूस जाऊन गोल करू शकला नाही. दोन वर्षं. पेपरवाल्यांनी लिहिलं, मी नाही. म्हटलं, ज्याला एवढी शिस्त आहे, तो संघाला शिस्त लावेल. आणि तू काय करतोयस? मित्र सांभाळतोयस." रविवारी शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तर क्लब गटात राहणार होता. हरला तर खाली जाणार होता, आणि मॅनेजर घरी. अध्यक्षांनी दादाला बाकावर बसवायला सांगितलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं, "गोलमध्ये कोण?" आणि फरशीचा एक नमुना उजेडात धरून त्याची कड तपासत राहिले होते.

"रविवारी शिडी खेळेल," मॅनेजर म्हणाला.

शिडी म्हणजे क्लबचा दुसरा गोलकीपर. बावीस वर्षांचा, दारातून वाकून येणारा. हे नाव दादानेच ठेवलं होतं.

दादाने काखेतले हातमोजे काढले आणि एकमेकांवर आपटून माती झाडली. त्यांना माती लागलेली नव्हती.

"हे तू सांगतोयस की अध्यक्ष?"

"मी."

"बरं," दादा म्हणाला. "मग ठीक आहे."

खांबावर एक पक्षी येऊन बसला आणि उडून गेला. दादाने बसून बुटाची नाडी सोडली, परत बांधली.

"शिडीला कोपऱ्यावरून येणाऱ्या चेंडूची भीती आहे," तो खालीच बघत म्हणाला. "आठवडाभर मी घेतो त्याला. तू मध्ये येऊ नकोस. तू आलास की पोरगं ताठ होतं."

"दादा..."

"तुझा गुडघा कसा आहे?"

"ठीक आहे."

"थंडीत दुखत असेल."

"थोडा."

"पट्टा बांधत जा. आता लपवायचं कुणापासून आहे?"

तो उठला आणि कपडे बदलायच्या खोलीकडे चालू लागला. अर्ध्या वाटेवर थांबून ओरडला, "त्या चिंध्या काढ बाबा, पोरं यायच्या आत. माझी नाही तर तुझी तरी लाज राख."

मॅनेजरने एकेक गाठ सोडली. बोटं गारठली होती, वेळ लागला.

*

"दादांना सांगितलंस?" संध्याकाळी बायकोने विचारलं. ती टेबलावर मुलाचा सदरा पसरून बटण लावत होती.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाला."

"एवढंच?"

"गुडघ्याचं विचारलं."

तिने दाताने दोरा तोडला. "तू त्यांना काढतोयस आणि ते तुझा गुडघा विचारतायत. कठीण आहात तुम्ही दोघं." मग म्हणाली, "मी वहिनींना फोन करू का?"

"नको. त्याने घरी अजून सांगितलं नसेल तर?"

"आणि सांगितलं असेल तर?"

त्याने डावा पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला. गुडघ्याच्या वाटीखाली दोन बारीक फिकट ठिपके होते. ते कसले हे बायकोला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, बुटाच्या खिळ्याचे.

खेळाडू म्हणून शेवटचे दोन मोसम तो त्या गुडघ्यावर लपतछपत खेळला होता. क्लबच्या डॉक्टरला कळलं असतं तर त्याच दिवशी त्याचा खेळ संपला असता. म्हणून दादा त्याला आपल्या गाडीतून दुसऱ्या गावच्या एका दवाखान्यात घेऊन जायचा. तिथे सुईने गुडघ्यातलं पाणी काढायचे आणि एक इंजेक्शन द्यायचे. दादा बाहेरच्या बाकावर जुनी मासिकं चाळत बसायचा. पहिल्या खेपेला परत येताना, गाडी चालवता चालवता, त्याने विचारलं होतं, "नेमका कुठे अडतो?"

"उजवीकडे वळताना. डाव्या पायावर जोर द्यायला गेलो की हलतच नाही. अर्धा क्षण जातो."

"डावीकडे?"

"डावीकडे काही नाही."

"बरं," दादा म्हणाला होता, आणि पुढच्या वळणावर गाडी थांबवून दोघांनी चहा घेतला होता. त्यानंतर दोघांमध्ये हा विषय कधी निघाला नाही. आणि नवल म्हणजे, मॅनेजरला भीती होती तशी फजिती एकदाही झाली नाही. माणसं त्याच्या उजवीकडून निसटायची, चेंडू मारायची, आणि चेंडू दादाच्या छातीवर येऊन विसावायचा. पेपरात छापून यायचं ते त्याच्या नावाने. जागेवर उभं राहायची समज, असं काहीतरी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला हसू आलं होतं. पुढेपुढे त्याचा त्यावर विश्वास बसला.

*

आठवडाभर मैदानाच्या त्या टोकाला मॅनेजर गेला नाही. लांबून त्याला दिसायचं, दादा शिडीला डावीकडे चेंडू मारतोय, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे. पोरगं मातीने माखून उठायचं. वाऱ्यावर शब्द यायचे.

"लोळू नकोस, पलंग नाहीये तो. ऊठ. एवढा उंच तू, देवाने तुला पंखा पुसायला केलंय का?"

आणि एकदा, जरा हळू आवाजात, "माझ्या रेघेवर उभा राहू नकोस रे. दुसऱ्याच्या रेघेवर उभं राहायचं नसतं. ज्याची त्याने काढायची."

रविवारी स्टँड भरले होते. दादा राखीव खेळाडूंच्या बाकावर, मॅनेजरपासून तीन माणसं सोडून बसला. अंगात सामन्याचे कपडे होते आणि हातात मोजे घातलेले होते, जणू कुणी कुठल्याही क्षणी हाक मारेल. मागून कुणीतरी ओरडलं, "दादाला बसवलं? लाज वाटते का?" दुसरा कुणी म्हणाला, "बरं केलं, भोक पडलं होतं डाव्या बाजूला." दोन्ही वाक्यं बाकावर स्पष्ट ऐकू आली. दादाने मान वळवून शेजारच्या राखीव खेळाडूला सांगितलं, "दोघांची तिकिटं माझ्याच ओळखीने मिळालेली असणार बघ." बाक हसलं. मॅनेजरला हसता आलं नाही.

उत्तरार्ध अर्धा सरल्यावर पाहुण्यांचा एक माणूस बचावातून सुटला आणि त्याने चेंडू गोलकीपरच्या डाव्या कोपऱ्यात, खांबालगत, जमिनीसरपट मारला. मॅनेजरने हा चेंडू या मोसमात एकवीस वेळा पाहिला होता. त्याचे डोळे आपोआप जाळीकडे गेले. पण चेंडू तिथे पोचला नाही. शिडीची बोटं त्याला लागली आणि तो खांबाला घासून बाहेर गेला.

बाकावरून सगळ्यांत आधी उठला तो दादा. तो टाळ्या वाजवत होता. हातात मोजे असल्यामुळे त्यांचा आवाज येत नव्हता.

सामना शून्य-शून्य सुटला. क्लब गटात राहिला. अध्यक्ष गर्दीतून वाट काढत खाली आले आणि त्यांनी मॅनेजरचा हात दोन्ही हातांत धरला. "आता झालास तू मॅनेजर," ते म्हणाले. "काळजावर दगड ठेवावा लागतो. पुढची दोन वर्षं तुझी."

कपडे बदलायच्या खोलीत पोरं बादल्या वाजवत होती. दादा बाकड्यावर चढला आणि बादल्या थांबल्या.

"माझं झालं," तो म्हणाला. "भाषण नाही करत, घाबरू नका. हात पोचेना म्हणून थांबतोय. ज्यांचे पाय पोचत नाहीत त्यांनी लगेच मनाला लावून घेऊ नका, नाहीतर पुढच्या मोसमात हा बिचारा कप्तान एकटाच खेळेल."

हशा झाला. कुणीतरी नाक ओढलं. दादाने आपले हातमोजे शिडीच्या खांद्यावर टाकले, पिशवी उचलली आणि मॅनेजरसमोर येऊन थांबला.

"वय झालं की झालं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तू बरोबर केलंस. मनात ठेवू नकोस."

"संध्याकाळी घरी येतो."

"आज नको. पोरीला सांगायचंय अजून. ती रडेल, मग तिची आई रडेल, मग मला हसवावं लागेल. दोन दिवसांनी ये."

मागच्या फाटकापाशी वहिनी गाडीत वाट बघत होती. मॅनेजरने खिडकीतून पाहिलं. दादाने पिशवी मागे ठेवली, पुढच्या सीटवर बसला, आणि गाडी बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग गेली.

*

स्टँड रिकामे झाल्यावर मॅनेजर बाहेर आला. चिंध्या काढताना एक राहून गेली असावी असं त्याला सामनाभर वाटत होतं. जाळीच्या डाव्या तळाशी काहीतरी पिवळं दिसत होतं. ती चिंधीच होती, अर्धवट सुटलेली. त्याने ती काढून खिशात घातली.

उठताना त्याला जमिनीवर दोन रेघा दिसल्या.

एक ताजी होती, उथळ, कडेला माती भुसभुशीत झालेली. दुसरी जुनी, चर पडलेली. दोन्ही सरळ होत्या, एकमेकींना समांतर. पण त्या जवळजवळ नव्हत्या.

शिडी तेव्हा दुसऱ्या गोलपाशी शेवटचे चेंडू गोळा करत होता. मॅनेजरने त्याला हाक मारली. पोरगं धावत आलं. दादाचे हातमोजे त्याने कमरेला खोचले होते.

"तुझी रेघ कुठली?"

"ही, सर. नवी."

"अंदाजाने काढलीस?"

"नाही सर. दोन्ही खांबांपासून पावलं टाकली. मला तसंच शिकवलंय." त्याने जुन्या चरीकडे बघितलं. "दादांची मी पुसली नाही. पुसावीशी वाटली नाही."

"त्या टोकाला?"

"तिकडे पण तशीच आहे, सर. दादांची एका बाजूला, माझी एका बाजूला. मला वाटलं, त्यांची काहीतरी वेगळी पद्धत असेल."

मॅनेजर जुन्या रेघेवर जाऊन उभा राहिला. टाच चरीत बरोबर बसली. नऊ वर्षं तो या जागेच्या पुढे उभा राहिला होता, पण या जागेवरून त्याने मैदान कधी पाहिलं नव्हतं. पेनल्टीच्या ठिपक्याच्या अलीकडे त्याची स्वतःची जागा होती, तिथलं गवत कधीच परत उगवलं होतं. त्या जागेच्या डावीकडे मैदान मोकळं पसरलं होतं. तिकडचं सगळं तो स्वतः अडवायचा, तिकडे वळताना त्याला काहीच अडत नव्हतं. मग त्याने उजवीकडे पाहिलं. माणसं निसटायची ती याच बाजूने. त्याने उजवा हात पसरला. खांब जवळ होता. त्या बाजूने येणारा चेंडू इथे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवरच आला असता.

त्याने डावा हात पसरला. तिकडचा खांब हातभर जास्त लांब वाटला, तरी तो हात त्याने तसाच धरून ठेवला.

"सर?" शिडी म्हणाला. "काही राहिलंय का?"

"मैदान आखायची टेप कुठे असते?"

"शेडमध्ये. आणू?"

"आण."

पोरगं गेलं. मॅनेजर रेघेवरून हलला नाही. दवाखान्यातून परतताना घेतलेल्या त्या चहाचा पेला त्याला आठवला, गाडीच्या टपावर ठेवलेला, वाफ निघत असलेला, आणि त्याच्याकडे न बघता लांब रस्त्याकडे बघत असलेला दादा.

शिडी टेप घेऊन आला. कापडी, चुन्याने पांढरी पडलेली.

"दोन खांबांमधलं अंतर चोवीस फूट," मॅनेजर म्हणाला. "बरोबर मध्य बारावर. आधी तुझी मोजू."

शिडीने टोक खांबाच्या आतल्या कडेला धरलं. त्याची रेघ उजव्या खांबापासून बारा फूट आली, डाव्या खांबापासूनही बारा.

"आता दादाची."

मॅनेजर गुडघ्यावर बसला. डावा गुडघा दुखला. त्याने तो तसाच टेकवला, टेप ताणली, आणि चरीच्या मधोमध अंगठ्याने दाबून धरली.

उजव्या खांबापासून दहा फूट पाच इंच.

शिडी टोक घेऊन दुसऱ्या खांबाकडे गेला.

डाव्या खांबापासून तेरा फूट सात इंच.